चौथी बांधी

माझं नाव श्रीहरी. छप्पन साली आमच्या घरानं दीक्षा घेतली तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. बापानं घरातले सगळे देव वैनगंगेत सोडले, पण माझं नाव तेवढं सोडायचं राहून गेलं. पुढं शाळेच्या दाखल्यावर ते पक्कं झालं आणि नोकरीच्या कागदांवर दगडासारखं बसलं. नोकरी हैदराबादला, एका सरकारी कार्यालयात. कार्यालयाचं नाव सांगत नाही. जी चूक सांगायची आहे ती माझी आहे, आणि ती कोणाबरोबर वाटून घ्यायची माझी इच्छा नाही.

माझं काम होतं समुद्र रंगवायचं. गावात कोणी विचारलं की मी असंच सांगायचो आणि लोक हसायचे. पण ते खरंच तसं होतं. अमेरिकेचा एक उपग्रह पृथ्वीभोवती फिरत समुद्राच्या पाण्याची उष्णता मोजायचा, आणि त्या आकड्यांची भेंडोळी आमच्याकडे यायची. जगाच्या नकाशावर बारीक चौकटी आखलेल्या असत. आकडा वाचायचा, चौकट शोधायची, रंग भरायचा. पाणी नेहमीपेक्षा बरंच गरम असेल तर लाल, थोडं गरम असेल तर पिवळा, नेहमीइतकं किंवा थंड असेल तर निळा. एका महिन्याचा नकाशा रंगवायला मला अकरा दिवस लागत. निळ्या पेन्सिली सगळ्यांत आधी संपायच्या. तोवर मी स्वतः समुद्र पाहिलेला नव्हता. उंटावरून शेळ्या हाकणारे पुष्कळ असतात, मी तर आभाळातून हाकत होतो.

या रंगांचा आपल्याशी संबंध काय ते साहेबांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. दक्षिण अमेरिकेच्या पलीकडच्या समुद्रात, विषुववृत्ताच्या बाजूनं, कधी कधी पाण्याचा एक लांबच लांब पट्टा तापतो. तो तापला की त्या वर्षी आपल्याकडचा पाऊस बहुतेक वेळा कमी पडतो. दर वेळी नाही, पण बहुतेक वेळा. म्हणून त्या पट्ट्यावर डोळा ठेवायचा.

दुसरं एक काम होतं, ते मी गावात कधी सांगितलं नाही. त्या समुद्रातून जाणारी जहाजंही पाण्याची उष्णता कळवत. खलाशी बादली सोडून पाणी वर घेतो, त्यात तापमापक बुडवतो, आकडा लिहितो. नियम असा होता की जहाजाचा आकडा उपग्रहाच्या आकड्यापेक्षा दोन अंशांहून जास्त वेगळा असला, तर जहाज चुकलं असं समजायचं आणि तो आकडा खोडायचा. खलाशी आळशी असतो, बादली उन्हात ठेवून चहा पीत बसतो, असं साहेब म्हणत. नियम वाईट नव्हता. मी लाल शाईचा पेन घेऊन खोडत असे.

ब्याऐंशी सालचा मे महिना. पट्टा निळा दिसत होता. मी रंगवत होतो आणि जहाजांचे आकडे मधूनमधून येत होते. पहिलं जहाज अडीच अंश गरम सांगत होतं. खोडलं. चार दिवसांनी दुसरं, तेही तसंच. खोडलं. तिसरं, चौथं. पाचव्याला माझा हात थांबला. पाच वेगवेगळ्या जहाजांवरचे पाच खलाशी एकाच वेळी चहा पीत बसतील, हे काही मला पटेना. साहेबांकडे जावं असं वाटलं. पण साहेबांच्या टेबलावर माझा रजेचा अर्ज पडलेला होता. नकाशा पुरा झाल्याशिवाय रजा नाही, असं त्यांनी बजावलं होतं, आणि ही शंका काढली असती तर सगळे आकडे नव्यानं तपासावे लागले असते. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, टाकायच्या आत मला घरी पोचायचं होतं. मी पाचवं जहाज खोडलं. मग सहावं आणि सातवंही.

सात जहाजांनी एकच गोष्ट सांगितली आणि मी सातही खोडली. माझी गोष्ट एवढीच आहे. पुढं जे झालं ते यातूनच झालं.

रजा मिळाली. बल्लारशापर्यंत रेल्वे, तिथून चंद्रपूर, मूल, गडचिरोली असं करत एसटीनं आरमोरी, आणि तिथून तीन कोस चालत आमचं गाव. रंगवलेल्या नकाशाची एक कच्ची प्रत मी सोबत घेतली होती. साहेबांना विचारून घेतली होती, चोरली नव्हती. मोठा भाऊ लटारू याला दाखवायची होती. मी शिकावं म्हणून त्यानं चौथीतून शाळा सोडली होती. आपण शिकून नेमकं काय करतो हे त्याला एकदा डोळ्यांनी दिसावं, अशी माझी इच्छा होती.

लटारूभाऊनं नकाशा खाटेवर पसरला आणि निळ्या भागावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "हे सारं तूनंच रंगोवलं?"

"मीच."

"येवढा मोठा समुद्र?"

त्याच संध्याकाळी त्यानं भिंतीवरची एक जुनी तसबीर उतरवली, तिच्यातलं कॅलेंडर काढलं आणि नकाशा घडी घालून त्यात बसवला. बाबासाहेबांच्या फोटोच्या शेजारी खिळा ठोकून तो टांगला. मी नको नको म्हणालो, पण मनातून फुगलो होतो, हे कबूल करतो.

आता आमच्या गावातली एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे धानाच्या शेताला बांधी म्हणतात. धान दोन तऱ्हेचा. जड धान दिवाळीनंतर निघतो, भरपूर पिकतो, पण त्याला शेवटपर्यंत पाणी लागतं. हलका धान नव्वद दिवसांत निघतो, पिकतो निम्मा, पण पाऊस लवकर गेला तरी हाती लागतो. तर रीत अशी की ज्याच्याकडे चार बांध्या असतील त्यानं तीनमध्ये जड टाकायचा आणि चौथीत हलका. कुणबी असो, आम्ही असो, ढिवर असो, सगळ्या गावाची चौथी बांधी हलकी. आणि त्या चौथ्या बांध्या एकमेकींना लागून, तलावाच्या खालच्या अंगाला. कारण हलका धान आधी पिकतो, आणि जो आधी पिकतो त्याच्यावर पोपट आणि रानडुकरं तुटून पडतात. सगळ्यांचा एका जागी असला की सगळं गाव मिळून राखण करतं, आणि पाखरांनी खाल्लं तरी कोणा एकाचं सगळं जात नाही.

त्या हलक्या धानाचं बीज माझी मोठीमाय ठेवायची. माझ्या मोठ्या बापाची, म्हणजे थोरल्या चुलत्याची बायको, अंजनाबाई. लवकर रांडावलेली, तीन बांध्या आणि एक बांधीचा तुकडा एवढ्यावर दोन पोरी उजवलेली. तिच्या धानाचं नाव साठी. म्हणायला साठ दिवसांची, पण नव्वद घ्यायचीच. टोकाला तांबूस रंग, आणि शिजली की शेजारच्या घरापर्यंत वास. दरवर्षी ती लोंबी लोंबी निवडून धान्याच्या ढोलीत ठेवायची, आणि ज्याला लागेल तो तिच्याकडून पायलीला पायली बदलून न्यायचा.

पऱ्हे टाकायच्या आधी तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, बैठक बसली. पाणी सोडायचं काम देवाजी पाटलांकडे. चांगला माणूस, पण कोणी शिकलेलं बोललं की पाघळायचा. त्यानंच विषय काढला. "श्रीहरी, तू तं आभायातून समुद्र पाहून राह्यला म्हनते लटारू. मंग सांग ना, यंदा पानी कसं हाय?"

मी सांगितलं की नकाशा निळा आहे.

"निळा म्हंजे?"

मी उत्तर द्यायच्या आत मागून कोणीतरी म्हणालं, "निळा म्हंजे पान्यानं भरला, आनखी का?" आणि देवाजी पाटलांनी मान डोलावली. तलाव भरला की पाट वाहतो, समुद्र भरला की ढग वाहतील, असा त्यांचा हिशेब. निळा म्हणजे फक्त तापलेला नाही. समुद्र काय, तो नेहमीच भरलेला असतो. हे मला एका वाक्यात सांगता आलं असतं. पण सगळे माझ्याकडे पाहत होते. ज्या पाळीवर माझ्या आजाला उभं राहू दिलं नव्हतं, त्या पाळीवर गाव माझ्या तोंडाकडे पाहत होतं. मी म्हणालो, "यंदा भ्यायचं कारन नाई."

"मंग चौथी बांधी काऊन वाया घालवाची?" देवाजी पाटील म्हणाले. "चारही जड टाकू. दुप्पट पिकन."

मी गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं. मी म्हणालो, "टाका."

मोठीमाय बायकांच्या बाजूला बसली होती. ती उठली नाही, तिथूनच बोलली. "आभायाचा भरोसा नाई बाप्पा. चौथी बांधी आपली नसते. थे पावसाच्या चुकीची असते. थे सोडू नोका."

तेव्हा मी जे बोललो ते मला शब्दनशब्द आठवतं. मी हसत म्हणालो, "मोठीमाय, तुले पाळीवरून दिसते. उपग्रहाले वरून दिसते."

सगळी पाळ हसली. मोठीमायही थोडी हसली, कारण पोरगा तिचाच होता. गावानं चारही बांध्या जड टाकल्या. तिनं मात्र आपला तुकडा हलका टाकला, एकटीनं.

पाऊस उशिरा आला. आषाढ बारीक गेला, श्रावणात जरा बरा पडला, आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात जो गेला तो गेलाच. त्याच सुमारास चंद्रपूर तोडून गडचिरोली जिल्हा वेगळा केला होता. आरमोरीच्या बाजारात लोक म्हणायचे, जिल्हा इकडं आला आणि पाऊस तिकडंच राहिला. तलाव निम्माच भरलेला. देवाजी पाटलांनी दोनदा पाणी दिलं, तिसऱ्या वेळी गाळ लागला. जड धान निसवला, लोंब्या बाहेर पडल्या, तेव्हा खालची जमीन भेगाळली होती. दाणा भरला की लोंबी वाकते. त्या वर्षी गावभर लोंब्या ताठ उभ्या होत्या.

मोठीमायची साठी मात्र सप्टेंबरच्या अखेरीस पिकली. सगळ्या शिवारात तेवढा एक तुकडा पिवळा. बाकी गाव आपल्या जड धानापाशी पाण्यासाठी भांडत होतं, राखणीला कोण येणार? ती एकटी दिवसभर गोफण घेऊन उभी राहायची. पोपट थव्यानं यायचे, आणि अख्ख्या रानात खाण्याजोगं एवढंच. रानडुकरांनी दोन रात्रींत उरलेलं लोळवलं. चिखलातून वेचून वेचून तिनं तीन पायल्या धान घरी आणला. खरं पीक एकाच बांधीत होतं, आणि ती बांधी एकटी होती म्हणून गेली.

हे सगळं मला लटारूभाऊच्या पत्रांतून कळत होतं. मी हळहळलो. पण त्या वेळी मला वाटायचं की पाऊस चुकला. मी चुकलो असं वाटत नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो. बरेच लोक बल्लारपूरकडे कामाला गेलेले होते, गाव निम्मं रिकामं. घरोघरी रेशनच्या गव्हाची पोळी. आमच्याकडे पाहुण्याला भात वाढला नाही तर पाहुणचारच झाला नाही असं मानतात, म्हणून वहिनी माझ्यासमोर ताट ठेवताना खाली पाहायची. दुसऱ्या दिवशी मोठीमायनं जेवायला बोलावलं. दारात पोचलो तोच वास आला. पानावर वाफाळता भात, वर गरम वरण. मी चार वेळा वाढून घेतला. "मोठीमाय, असा भात हैदराबादेत सोन्याच्या भावानं भेटत नाई," असंही म्हणालो. ती समोर बसून पंख्यानं माशा वारत होती. निघताना तिनं एक शिवलेली पिशवी हातात दिली. आत अडीचेक शेर तांदूळ. "तिकडं नेजो. शिजोवून खाजो."

मी तो हैदराबादला नेला. रविवार रविवार करून महिनाभर पुरवला. खोलीवरच्या मित्रांना वासानंच वेड लागायचं.

जूनमध्ये भाऊचं पत्र आलं. इकडचं तिकडचं लिहून शेवटी एक ओळ होती. मोठीमायकडे हलका मागायला दोघंतिघं गेले होते, पण बीज नाही. वेचून आणलेलं सगळं तिनं दिवाळीत कांडलं. तिला विचारलं तर म्हणाली, एकलीनं टाकून का फायदा, पाखरंच खातीन. त्याच्यापेक्षा पोरानं खाल्लं थे बरं.

पत्र मी पेटीत, त्या रिकाम्या पिशवीखाली ठेवलं. पण खरा घाव त्यानंतर दोन महिन्यांनी बसला.

परदेशातून एक लेख आला आणि साहेबांनी तो आम्हा सगळ्यांना वाचायला दिला. ब्याऐंशीच्या मार्च-एप्रिलात मेक्सिकोत एक ज्वालामुखी फुटला होता. त्याच्या धुराचा आणि आम्लाचा एक विरळ पडदा आकाशात फार उंच चढला आणि विषुववृत्ताभोवती पसरला. उपग्रह त्या पडद्यातून समुद्र पाहत होता. चुलीवर घोंगडी धरून विस्तव पाहावा तसं ते पाहणं. खाली पाणी तापत होतं आणि उपग्रहाला ते थंड दिसत होतं. तो पट्टा त्या वर्षी इतका तापला होता की तसा शतकात क्वचितच तापतो. जहाजांनी ते कळवलं होतं, आणि जगभर माझ्यासारख्या लोकांनी ते आकडे खोडले होते.

साहेब मनाचे मोठे. म्हणाले, यात कोणाचीच चूक नाही, सगळ्यांनी नियमाप्रमाणे काम केलं. बाकीच्यांनी सुस्कारा सोडला. मी मेच्या नोंदवहीचं पान काढलं. सात आकडे, सात लाल रेघा. पाचव्या रेघेच्या सुरुवातीला शाईचा एक ठिपका आहे. तिथं माझा पेन थांबला होता. बाकीच्या जगानं नियमानं खोडलं. मी खोडताना मला माहीत होतं की काहीतरी चुकतंय, आणि मी रजेसाठी खोडलं.

यानंतर मी शूरासारखा गावी गेलो आणि सगळं सांगून टाकलं, असं लिहायला मला आवडलं असतं. मी चार वर्षं काहीच बोललो नाही. त्र्याऐंशीला पाऊस भरपूर झाला, लोक विसरले, हलक्याचं बीज नाही म्हणून चारही बांध्या जड टाकायची सवय लागली. मी दरवर्षी जायचो. निळा नकाशा बाबासाहेबांच्या शेजारी टांगलेला असायचा, आणि भाऊ आल्या-गेल्याला तो दाखवायचा. मी त्या भिंतीकडे पाठ करून जेवायचो. बाबासाहेबांच्या नजरेला नजर देववत नव्हती, हे कोणाला सांगणार? मोठीमाय विचारायची, "बरा हायेस ना बापू?" मी म्हणायचो बरा आहे. ताकाला जाऊन भांडं लपवणारा निदान ताकाला तरी जातो. मी भांडं घेऊन नुसता परत यायचो.

सत्त्याऐंशी साल उजाडलं. आता कार्यालयात रंगीत पडद्याचं यंत्र आलं होतं. पेन्सिली गेल्या होत्या, आणि जहाजांचे आकडे खोडायचा जुना नियमही गेला होता. मेमध्ये पडद्यावर तो पट्टा उमटला. लाल. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लाल. जहाजंही तेच सांगत होती. मी जुळवून पाहिलं, पुन्हा पाहिलं, त्याची एक कागदी प्रत घेतली आणि रजेचा अर्ज दिला.

गाडीत बसल्या बसल्या मला माझी अडचण कळून चुकली. गावानं हा लाल नकाशा खरा मानावा असं वाटत असेल तर निळा खोटा होता हे आधी सांगावं लागणार. आणि निळा खोटा होता हे सांगितल्यावर लाल का खरा मानावा? तरी गप्प बसलो तर चारही बांध्या पुन्हा जड पडणार होत्या.

देवाजी पाटलांना सांगून मी पाळीवर बैठक बोलावली. पाच वर्षांत पाटील बरेच वाकले होते. लाल नकाशा पाहून ते म्हणाले, "हे तं गुलाल उधयल्यावानी दिसून राह्यलं. चांगलंच असन."

या वेळी मी ताबडतोब सांगितलं की चांगलं नाही. लाल म्हणजे तापलेला समुद्र, आणि समुद्र तापला की आपला पाऊस बहुतेक वेळा लवकर जातो. मग मी ब्याऐंशीचं सांगितलं. ज्वालामुखी, पडदा, जहाजं, नियम. निळ्याचा अर्थ पाण्यानं भरलेला असा नव्हता आणि ते मला माहीत होतं, हेही सांगितलं. मग पाचव्या जहाजाशी आलो. लटारूभाऊ समोरच बसला होता. मी त्याच्याकडे न पाहता म्हणालो, "मले शंका आली होती. रजा भेटावी म्हनून मी बोललो नाई. तुमच्या चौथ्या बांध्या माह्या तोंडानं गेल्या."

मला वाटलं होतं, कोणी उठेल, शिवी देईल. दिली असती तर बरं झालं असतं. देवाजी पाटील घसा साफ करून म्हणाले, "असू दे गा. पानीच नोहतं आभायात, तू का करशीन?" दोघाचौघांनी मान हलवली. लटारूभाऊ उठून घराकडे निघून गेला. त्याच्या पाठीकडे पाहून मला समजलं की तो तसबीर उतरवायला गेला आहे.

मी घाईनं पुढचं बोललो. आरमोरीला सरकारी हलकं बियाणं मिळतं, मी स्वतः चौकशी करून आलो आहे, या वर्षी एकही बांधी जड टाकू नका, चारही हलक्या टाका.

"थांब," मोठीमाय म्हणाली.

ती आता सत्तरीला टेकलेली. उठायला तिला वेळ लागला, पण या वेळी ती उठली, आणि बायकांमधून चालत माझ्यासमोर आली.

"या खेपी कोनाले खोडलं?" तिनं विचारलं.

"कोनालेच नाई, मोठीमाय. साऱ्याईचं एकच हाय."

"बरं. तुह्यावर भरोसा हाय माहा." तिनं नकाशाकडे पाहिलं नाही, माझ्याकडेच पाहत होती. "पन तवा तू म्हने चारही जड. आता म्हने चारही हलक्या. चौथी कुठी गेली?"

मी नकाशाची गुंडाळी केली.

"तीन हलक्या टाका," ती गावाकडे वळून म्हणाली. "पोरगा सांगते थे खरंच असन. चौथी जड टाका. पयले थे पावसाच्या चुकीची होती. आता श्रीहरीच्या चुकीची."

या वेळी कोणी हसलं नाही. देवाजी पाटलांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ठरलं मंग."

दुसऱ्या दिवशी आमच्या बांधीत पऱ्हे टाकायला मोठीमाय आली. तीन बांध्यांचं हलकं बीज भाऊनं टाकलं. चौथीचं जड बीज तिनं सुपातून माझ्या धोतराच्या सोग्यात ओतलं आणि म्हणाली, "हे तू टाक." मी पंधरा वर्षांनी चिखलात उतरलो होतो. भाऊ बांधावर उभा राहून पाहत होता. आदल्या रात्रीपासून तो माझ्याशी बोलला नव्हता. शेवटी म्हणाला, "मूठ सैल सोड. दाट पडून राह्यलं." तेवढंच.

त्या वर्षीचा पाऊस सगळ्यांना आठवत असेल. देशभर दुष्काळ पडला. ऑक्टोबरच्या अखेरीस भाऊचं पत्र आलं. अक्षर जरा सावकाश काढलेलं.

तीनही बांध्या कापून झाल्या, असं लिहिलं होतं. फार नाही, पण घरचा भात घरी आहे, यंदा बल्लारपूरला कोणी गेलं नाही. तुझी बांधी वाळली. लोंब्या उभ्याच आहेत. मोठीमाय काल ती पाहायला गेली होती, म्हणाली, बरं झालं, पोरगा खरा निघाला. भिंतीवर तसबिरीच्या जागी खिळा तसाच आहे. लाल नकाशा पाठवलास तर लावीन.

आणि खाली, जागा संपत आली म्हणून बारीक अक्षरात: मोठीमाय म्हणते की सरकारी हलक्याच्या भाताला वास नाही. तू एवढं दूरदूरचं पाहतोस, तर साठीचं बीज कुठी दिसते का पाहजो.

मी उलट टपाली लिहिलं, पाहतो. मग पेटी उघडून ती शिवलेली पिशवी काढली, जी पाच वर्षं मला टाकवली नव्हती. उलटी करून झटकली. शिवणीत अडकलेले चार दाणे टेबलावर पडले, टोकं अजून तांबूस. मी ते पाण्यात भिजवून आठ दिवस ओल्या फडक्यात ठेवले. कांडलेला तांदूळ उगवत नाही, हे मला लहानपणापासून माहीत होतं.